सुटली म्हण!

लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं, "तुम्ही काय करता हो?" तर मी सरळ सांगते, "लोकांची दारू सोडवते." मग हशा पिकतो. "आमच्या ह्या पाहुण्यांना घेऊन जा की मग!" असं म्हणत कुणीतरी शेजारच्याच्या पाठीत थाप घालतं, आणि तो शेजारचाही हसतो. जेवण उरकून मी हात धुवायला नळापाशी गेले की एकेक जण हळूच मागे येतो. मघाशी सगळ्यात मोठ्यानं हसलेला सगळ्यात आधी! आवाज एकदम खाली. "मॅडम, एक विचारायचं होतं... आमच्या थोरल्याचं जरा..."

म्हणजे जेवायला गेलेली मी दोन नव्या केसेस घेऊन घरी येते. लोक मला विचारतात, एवढे किस्से तुम्ही गोळा कसे करता? अहो, गोळा कोण करतंय! ते माझ्या मागे लागतात.

आमचं व्यसनमुक्ती केंद्र नगर शहराच्या जरा बाहेर आहे. एक वॉर्ड, एक ओपीडी आणि माझी एक खोली. औषधं सर देतात, म्हणजे आमचे डॉक्टर. वॉर्ड मंगल सिस्टर सांभाळतात. पेशंटशी रफिकभाई बोलतात. ते स्वतः कधीकाळी याच वॉर्डात पेशंट होते, बरे झाले आणि समुपदेशक म्हणून इथेच राहिले. आणि पेशंटच्या घरच्यांशी मी बोलते. सगळ्यात अवघड काम माझं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पेशंट निदान झोपतो तरी!

आमच्याकडे दिवसभर एकच शब्द वाजत असतो. "सुटली का?" बायको फोनवर विचारते, आई गेटवरून विचारते, कंपनीतला सुपरवायझर विचारतो. दारू हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. नुसतंच, "मॅडम, सुटली का?" एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसल्यासारखं वाटतं मला.

*

नगर जिल्ह्यात पाळण्यातल्या पोरालाही साहेब म्हणायची पद्धत आहे. भाऊसाहेब, रावसाहेब, बाळासाहेब ही आमच्याकडे पदं नाहीत, नावं आहेत. हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर गोंधळ होतो.

विदर्भातून एक नवीन सिस्टर आमच्याकडे आली होती. पहिल्याच सकाळी ती घाबरून माझ्या खोलीत शिरली. "मॅडम, अख्खं कलेक्टर ऑफिस अ‍ॅडमिट आहे का आपल्याकडे?"

मी बाहेर जाऊन बघितलं. मंगल सिस्टर वॉर्डात उभ्या राहून ओरडत होत्या, "रावसाहेबांना आंघोळ घाला! बाळासाहेबांनी गादी ओली केलीय, ती बदला! आणि भाऊसाहेब मघापासून संडासातून बाहेर येत नाहीयेत, कडी वाजवा कुणीतरी!"

हे संडासातले भाऊसाहेब लक्षात ठेवा. पुढे मला सगळ्यात मोठा धक्का यांच्याच घरानं दिला.

भाऊसाहेब मूळचे कोल्हारकडचे. गावाकडची शेती भाऊ बघतो, हे नागापूरला एमआयडीसीत मशीनवर कामाला. तिथेच जवळ भाड्याची खोली. बायको सविता, आणि चौथीत शिकणारी एकुलती एक मुलगी आरोही. घरात सगळे तिला आरू म्हणायचे. बारीक अंगाची, दोन वेण्या, आणि बघेल तिथे टक लावून बघायची सवय.

मी सविताला नेहमीचा प्रश्न विचारला. "मारतात का?"

"न्हाई ओ मॅडम. हात उचलत न्हाईत, शिवी देत न्हाईत."

"मग पिऊन आल्यावर करतात काय?"

"रडत्यात. पोरीच्या उशाशी बसून रडत्यात, आन् शपथा घेत्यात. उद्यापास्नं न्हाई म्हनून."

आता माझ्या खोलीत डोकी फुटलेल्या बायका येतात, दात पडलेल्या येतात. त्या खुर्चीत बसून एक बाई सांगते की नवरा पिऊन रडतो. मंगल सिस्टर तर म्हणाल्या, "एवढा गरीब पेशंट मी बघितला नाही!"

सुट्टीच्या दिवशी, म्हणजे डिस्चार्जच्या दिवशी, आम्ही घरच्यांना बोलावून एक मीटिंग घेतो. भाऊसाहेब उठले, त्यांनी आरूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, माझ्या ह्या लेकीची शपथ! परत थेंबाला शिवलो तर माझी आरू मला दिसनार न्हाई!"

सविता रडली. भाऊसाहेबांचे थोरले भाऊ रडले. मंगल सिस्टरांनी पदर नसताना पदर डोळ्याला लावायला हात वर नेला.  आरू मात्र रडली नाही. बापाच्या हाताखाली मान ताठ धरून ती ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, पोरगी देवाचं नाव घेतेय.

कोरड्या डोळ्यांनी रफिकभाई तेवढे बसले होते. सगळे गेल्यावर मला म्हणाले, "मॅडम, मी माझ्या आईच्या कितीतरी शपथा घेतल्यात. म्हातारी अजून ठणठणीत आहे. शपथेनं दारू सुटली असती तर तुम्हाला आणि मला पगार कुणी दिला असता?"

*

दारू एकदम बंद केली की काही पेशंट भ्रमात जातात. भिंतीवर किडे दिसतात, मेलेला आजा खाटेवर येऊन बसतो. म्हणून डॉक्टर सारखे तपासत राहतात की पेशंट भानावर आहे का. आज वार कोणता, हे गाव कोणतं, वगैरे.

एक नवे शिकाऊ डॉक्टर राउंडला होते. रावसाहेबांना त्यांनी मोठ्या आवाजात विचारलं, "सांगा बघू, आपण आत्ता कोणत्या शहरात आहोत?"

रावसाहेबांनी बराच विचार केला. डॉक्टरांनी आमच्याकडे अर्थपूर्ण बघितलं.

"डॉक्टरसाहेब," रावसाहेब म्हणाले, "जुनं नाव सांगू का नवं?"

आमचे सर मागेच उभे होते. म्हणाले, "याचं सलाइन काढा. हा आपल्या सगळ्यांपेक्षा भानावर आहे!"

*

आता एका आईचा किस्सा. ही म्हातारी आमच्या गेटवर दोन दिवस बसून राहिली होती. "माझा लेक वाचवा, मॅडम! एकुलता एक हाय. मी तुमच्या पाया पडते." शेवटी आम्ही एक जादा कॉट टाकून तिच्या लेकाला घेतलं.

लेक दाखल झाला आणि सुधारेचना! उलट संध्याकाळी भेटीची वेळ संपली की एकदम खुशीत. गाणी म्हणतोय, वॉर्डबॉयला मिठ्या मारतोय. सरांनी औषध बदललं, मंगल सिस्टरांनी खिडकीच्या जाळ्या तपासल्या, रफिकभाईंनी शेजारच्या पेशंटची उशी फाडली. काही सापडेना.

एक दिवस मी म्हातारीची डब्याची पिशवी हातात घेतली. तिच्यात पोराच्या चहासाठी एक थर्मास असायचा. मी थर्मासचं झाकण उघडलं आणि मागेच सरले! चहाचा पत्ता नाही, देशीचा भपकारा.

माझं डोकंच फिरलं. काय बोलले ते आता आठवतही नाही. तुम्हीच पाया पडलात, तुम्हीच गेटवर बसलात, आणि तुम्हीच रोज आणून पाजताय? मी ओरडत होते आणि म्हातारी शांतपणे डबी काढून दातांना मिश्री लावत होती. लावून झाली, बोट पदराला पुसलं, आणि ती मलाच म्हणाली, "तुमी सोडवा की! मी कुठं अडिवलंय? पन तवर लेकराला उपाशी नका ठिवू!"

मी मिश्रीच्या डबीकडे बोट दाखवलं. "आणि ही? ही तंबाखूच आहे ना?"

"ही व्हय?" म्हातारी दुखावल्यासारखी म्हणाली. "ही दातासाठी हाय!"

*

भाऊसाहेब घरी गेले. पहिले काही दिवस सविताचे फोन यायचे. "सुटली, मॅडम! सुटली!" आवाजात नुसता आनंद. मग फोन बंद झाले. आमच्याकडे फोन बंद झाले की आम्ही समजून जातो.

सविता आली ती आरूला घेऊन. मी विचारलं, "कशी काय परत सुरू झाली?"

"पार्टीमुळं."

"कसली पार्टी?"

"मित्रांनी दिल्ती. कंपनीतल्या."

"अहो पण कशाबद्दल?"

सवितानं माझ्याकडे अशी नजर टाकली की मला एवढं साधं कसं कळत नाही! "ह्यांची दारू सुटल्याबद्दल!"

मी डोक्याला हात लावला. हार घातला होता, शाल दिली होती, केक कापला होता. एका मित्रानं भाषणही केलं की भाऊसाहेबांनी आपल्या सगळ्यांपुढे आदर्श ठेवलाय. आणि मग त्या आदर्शाच्या नावानं सगळ्यांनी ग्लास भरले. मी त्या मित्राला फोन लावला. हातानं मारता येत नव्हतं म्हणून तोंडानं मारलं. तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, तुमचं बरोबर हाय. पन बिगर दारूची पार्टी म्हनल्यावर मानसं आली असती का?"

त्या दिवशी चहा पिताना आमच्यात शपथांचा विषय निघाला. रफिकभाई म्हणाले, वॉर्डात शपथ घ्यायलाच बंदी करू. मंगल सिस्टर हसायला लागल्या. "अहो, लहानपणी आमच्या वस्तीवर पोरांचा कायदाच होता! खोटी शपथ घेतली की ज्याच्या डोक्यावर हात ठेवला तो मरतो. मग ते बिचारं घाबरून ओरडायचं, सुटली, सुटली, सुटली! तीनदा सुटली म्हटलं की त्या शपथेतला जीव गेला. मग खुशाल खोटं बोला!"

"आमच्याकडेही तसंच होतं," मी म्हणाले. सगळ्यांनाच आपापली लहानपणीची भांडणं आठवली आणि चहा गार झाला.

आरू बाहेर बाकड्यावर बसली होती. बसल्या बसल्या डुलत होती. मान खाली पडायची, दचकून ती डोळे उघडायची, परत टक लावून बघायची. सविता म्हणाली, "हिचं बी कायतरी बघा, मॅडम. शाळेत झोपती. बाई रोज तक्रार करत्यात. घरी म्हनावं तर रातच्याला डोळ्याला डोळा लावत न्हाई."

*

आरूचं पुढे सांगतेच. आधी नानांचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

दारू सोडवायच्या काही गोळ्या असतात. ती गोळी पोटात असताना दारू प्यायली की माणसाचं तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. म्हणून ती पेशंटला सांगून, त्याला विचारून आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायची असते. गुपचूप दिली आणि वरून दारू गेली तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो. हे मी रोज ओरडून सांगते. आणि रोज कुणीतरी ओपीडीच्या बाहेर शेजारणीला कानात सांगतं, "आमटीत टाकायची, कळत बी न्हाई!"

सुप्याकडच्या एका सुनेनं तेच केलं. नवरा एमआयडीसीत कामाला, पिणारा. हिनं आमच्या ओपीडीबाहेर भेटलेल्या एका बाईकडून गोळ्या मिळवल्या, कुटल्या आणि आमटीत टाकल्या. नेमकी त्या दिवशी नवऱ्याला डबल ड्युटी लागली. तो कंपनीच्या कॅन्टीनमध्येच जेवला.

आणि घरात सासरे, म्हणजे नाना, दोन वाट्या आमटी जेवून बसले.

तासाभरानं नानांचं तोंड टोमॅटोसारखं लाल! छाती धडधडतेय, उलट्या, घाम. घरच्यांनी जीपमध्ये घातलं आणि थेट आमच्याकडे आणलं, कारण सुनेला दुसऱ्या कुठल्या दवाखान्याचा रस्ता माहीत नव्हता. सरांनी बीपी बघितलं, तोंडाचा वास घेतला आणि विचारलं, "यांनी दारू घेतलीय का?"

जीपमधून आलेली सगळी माणसं सरांच्या अंगावर आली. "तोंड सांभाळून बोला! नानांच्या गळ्यात माळ हाय! गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष हायेत ते!"

तेवढ्यात सुनेनं हंबरडा फोडला. "मी ह्यांच्यासाठी टाकली हुती ओ! नानांसाठी न्हवती टाकली!" आणि तिनं आमटीचं सगळं सांगून टाकलं.

सर म्हणाले, "बाई, नुसत्या आमटीनं असं होत नाही. त्यावर दारू पडावी लागते."

 नानांनी डोळे मिटून घेतले. तोपर्यंत कोपऱ्यात देवाचा धावा करत बसलेली सासू हळूहळू उठली. सलाइन लावलेल्या नवऱ्याजवळ गेली, त्याच्या बंद डोळ्यांकडे नीट बघितलं, आणि म्हणाली, "म्हंजे लग्नापास्नं तुमाला खोकला न्हवताच?"

नाना खोकल्याचं औषध म्हणून रोज जेवणानंतर एका काळ्या बाटलीतून दोन घोट घ्यायचे. ती बाटली त्या बाईनं सगळा संसारभर रोज पुसून फळीवर ठेवली होती.

नाना वाचले. दोन दिवस आम्ही सगळे हसत होतो, आणि मधेच गप्प होत होतो. वाचले नसते तर ती पोरगी जेलमध्ये असती.

*

हसू येऊ नये असाही एक किस्सा आहे. एक ड्रायव्हर होता, पिऊन पडला आणि हात मोडला. मेव्हणा त्याला घेऊन एका मोठ्या दवाखान्यात गेला. तिथले म्हणाले, हा थरथरतोय, याला भूल देता येत नाही, आधी दारू सोडवून आणा. मेव्हणा आमच्याकडे आला. आम्ही म्हणालो, हात मोडलेला पेशंट आम्ही ठेवू शकत नाही, आमच्याकडे हाडांचा डॉक्टर नाही. आधी हात बसवून आणा.

ते परत गेले. तिथून त्यांना परत पाठवलं. दिवसभर त्या दोघांची रिक्षा शहरातून इकडून तिकडे फिरत होती. संध्याकाळी मेव्हणा एकटाच आला. मी विचारलं, "पेशंट कुठे आहे?"

"हाय की. दाखल केलाय."

"वा! शेवटी घेतलं का त्यांनी?"

"त्यांनी न्हाई, मॅडम," मेव्हणा थकून खुर्चीत बसला. "तुमच्या आन् त्यांच्या दवाखान्याच्या मधी एक परमिट रूम हाय. तिथं दारात गेल्याबरुबर आत घेतलं. कुनी बी कायबी इचारलं न्हाई."

सरांनी अ‍ॅप्रन काढून ठेवला. स्वतः त्या परमिट रूममध्ये गेले, पेशंटला धरून बाहेर आणलं आणि त्याच्यासोबत मोठ्या दवाखान्याच्या दारात उभे राहिले. तो दाखल झाल्याशिवाय परत आले नाहीत.

*

आता आरूचं.

पोरगी झोपत नव्हती. रात्रभर टक्क जागी, आणि दिवसा शाळेत बाकावर डोकं टाकून पडलेली. सविता तिला घेऊन दवाखाने फिरली. एका डॉक्टरांनी रक्त तपासून लोहाचं औषध दिलं. दुसऱ्यांनी जंताचं दिलं. तिसऱ्यांनी डोळे तपासून चष्मा लावला. चौथे न बघताच म्हणाले, "मोबाईल काढून घ्या!" तर घरात मोबाईल एकच, तोही भाऊसाहेबांच्या खिशात. मग गावाकडे नेऊन दृष्ट काढली, गळ्यात ताईत आला. लोह झालं, जंत झाले, चष्मा झाला, ताईत झाला. पोरीला मात्र कुणीच विचारलं नाही की बाई, तू झोपत का नाहीस? माझा संताप होतो आठवलं की!

एके दिवशी शाळेच्या पायऱ्या उतरता उतरता तिला डुलकी लागली. वरून खाली पडली. कपाळाला टाके पडले. थोडं खाली लागलं असतं तर डोळा गेला असता.

त्याच दिवशी दुपारी भाऊसाहेब स्वतःच्या पायानं आमच्याकडे आले. मागे सविता, आणि कपाळाला पट्टी बांधलेली आरू. शाळेतून फोन आला तेव्हा हा माणूस पिऊन पडलेला होता. शुद्धीवर येऊन दवाखान्यात पोचला तेव्हा टाके घालून झाले होते.

"मला घ्या, मॅडम. ह्या बारीला कायमची सोडायची हाय."

सरांनी तपासलं, कॉट दिली. मग आम्ही सगळे माझ्या खोलीत बसलो. भाऊसाहेब, सविता, आरू, रफिकभाई, मी. मंगल सिस्टर दारात उभ्या होत्या.   भाऊसाहेब उठले, आरूपाशी गेले, आणि सवयीनं त्यांचा हात वर गेला.

"माझ्या आरूची शपथ..."

हात डोक्यापर्यंत पोचलाच नाही. आरूनं दोन्ही हातांनी बापाचं मनगट वरच्या वर धरलं आणि जोरात ओरडली, "सुटली! सुटली! सुटली!"

मंगल सिस्टरांनी दाराची चौकट धरली.

सविता पुढे झाली. "अगं, हे काय बोलतीस? पप्पा चांगलं बोलत्यात ना?"

"पप्पा शपथ मोडत्यात," आरू म्हणाली. ती रडत नव्हती. वर्गात उत्तर द्यावं तसं सांगत होती. "ती मोडली की मी मरनार. म्हनून मी आधीच सुटली म्हनून ठिवते. दर टायमाला म्हनते. मागं हितं बी म्हनले हुते, हळू."

भाऊसाहेबांचा हात अजून तिच्या मुठीतच होता. रफिकभाई खुर्चीतून उठले आणि तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले. एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज असा फुटलेला ऐकला नव्हता.

"बेटा, मग तू झोपत का नाहीस? सुटली म्हटलं की झालं ना?"

आरूनं त्यांच्याकडे टक लावून बघितलं.

"पप्पा रातीला येत्यात ना, काका. मी झोपल्यावर डोक्यावर हात ठिवत्यात आन् शपथ घेत्यात. मी झोपलेली असले तर मंग सुटली कोन म्हननार?"

  भाऊसाहेबांनी हात सोडवून घेतला, पाठीमागे नेला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.

आरू माझ्याकडे वळली. "मॅडम, पप्पांना आजपास्नं हितंच ठिवनार ना?"

"हो, बाळा."

"रातीला बी?"

"रात्री पण. इथेच राहणार ते."

तिनं एकदा बापाकडे बघितलं, एकदा माझ्या खोलीतल्या बाकड्याकडे बघितलं, आणि विचारलं, "मंग मी आता झोपू?"